गळासाठी सोडलेली घरं

७ नोव्हेंबर

आयुष्यभर दुसऱ्यांचं टाइप केलं, निदान स्वतःचं तरी हातानं लिहावं, म्हणून ही वही आणली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय पुसलेत असं. वाचणारं कुणी नाही, तेव्हा चालेल.

आज सर आले होते. गुडघे दुखत असताना आमचे तीन जिने चढून आले, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी सरांचा गणिताचा प्रबंध आम्ही दोघांनी केला होता. केला म्हणजे मी टाइप केला आणि यांनी चिन्हं भरली. टाइपरायटरवर गणिताची चिन्हं नसायची. मी मोजून मोकळी जागा सोडायची आणि पान समोर सरकवायचं. मग हे बारीक निबाच्या पेनानं त्या जागेत चिन्ह काढायचे, अगदी छापल्यासारखं. चार कार्बन प्रती असल्या तर चारही प्रतींत. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून चिन्हं. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे हे, मध्ये टीपकागद. आमचा निम्मा संसार या टेबलावरच झाला.

आता सरांना जन्मभर शिकवलेलं सगळं एका पुस्तकात घालायचं आहे. प्रकाशकाला ते संगणकावर केलेलं हवं, फेब्रुवारीपर्यंत. "त्यांच्याकडे माणूस आहे," सर म्हणाले. "पण मी म्हटलं, माझी माणसं आहेत."

असं म्हणून त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी उजवा हात मांडीखाली सरकवला. गेल्या वर्षापासून तो हात थरथरतो. चहाचा कप मी अर्धाच भरते आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही. तेव्हापासून हे टेबलाशी बसलेले नाहीत.

यांना न विचारताच मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर पुस्तकासाठी नाही. समोरची खुर्ची रिकामी बघवत नाही मला. काम आलं की बसतील, वाचून दाखवतील, काहीतरी करतील.

९ नोव्हेंबर

भाचीनं तिचा जुना संगणक आणून टेबलावर मांडला. माझ्या बहिणीची ही मुलगी अशाच यंत्रांवर पोट भरते. टाइपरायटर उचलून कपाटावर ठेवला. जाताना घंटी वाजली त्याची, आपोआप.

नव्या कळफलकाला आवाज म्हणून नाही. लोण्यावर बोटं चालवल्यासारखं वाटतं. ओळ संपली तरी काही वाजत नाही, रूळ ढकलायला नको, काही नको. घातांक लिहायचा तर पूर्वी रूळ अर्धी ओळ वर फिरवायचा आणि मग पुन्हा खाली. माझं मनगट अजूनही आपोआप तिकडे जातं आणि हवेत फिरून परत येतं. भाची हसते.

यांनी आज सगळी पेनं कोमट पाण्यात धुतली, पुसली, डबीत घातली आणि डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. बरं झालं. वर्षभर वाळलेली शाई तशीच होती, मी कधीची म्हणत होते.

१२ नोव्हेंबर

चिन्हं कशी टाकायची ते भाचीनं शिकवलं. प्रत्येक चिन्हाला म्हणे जगभर एक ठरलेला क्रमांक आहे. तो टाइप करायचा, मग दोन कळा एकदम दाबायच्या, की क्रमांक जाऊन चिन्ह येतं. तिनं मला तक्ता करून दिला, तो मी टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवला. चिन्हांपुढे तिनं शाळेतली नावं लिहिली होती. ती खोडून मी आमची लिहिली:

गळ ∫ – 222B
छप्पर √ – 221A
मोडकं फाटक ∑ – 2211
आडवा आठ ∞ – 221E
रुसलेला सहा ∂ – 2202

आम्ही भेटलो त्या टायपिंगच्या दुकानात ही नावं पडली. आम्हाला दोघांनाही गणित येत नव्हतं, पण काम तर करायचं होतं. मासे धरायच्या गळासारखा दिसतो म्हणून तो गळ. रुसलेला सहा यांनी पाडलेलं नाव. मी रुसले की मान अशीच वळवते म्हणे.

यांना म्हटलं, "आता तुमच्या हाताला त्रास नको. सगळं मीच टाकते. तुम्ही आपले निवांत बसा."

"बरं," म्हणाले. दोन दिवस वाचून दाखवत होते, आज तेही नाही. खिडकीत जाऊन बसले. पुरुषांना सुख दिलं तरी दुखतं.

१८ नोव्हेंबर

आज फजितीच झाली. पहिलं प्रकरण भाचीनं दाखवलं तसं प्रकाशकाकडे पाठवलं होतं. सकाळी तिथल्या माणसाचा फोन.

"बाई, तुमच्या फाइलला भोकं पडलीत."

"भोकं कसली?"

"मधेमधे जागा रिकाम्या आहेत. शेकड्यांनी. चिन्हं कुठायत?"

मी उघडून बघितलं तर खरंच! पहिली काही पानं तक्ता बघून केली होती. मग हात लागला, वेग आला, आणि माझ्या बोटांनी जन्माची सवय काढली. गळ आला की तीन घरं सोडली, फाटक आलं की दोन. टाइपरायटरवरच्या एका मोकळ्या जागेला आम्ही घर म्हणायचो. सगळं प्रकरण मी यांच्यासाठी घरं सोडत टाइप केलं आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अहो, बघा तरी, काय करून बसले मी! तुमच्यासाठी सोडलीत सगळी!"

हे उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होते. एका घरावर बोट ठेवलं, बोट थरथरत होतं, ते काढून घेतलं. मग चपला घालून फिरायला गेले. जेवायची वेळ टळून गेल्यावर आले. कमाल आहे. चूक माझी आणि राग यांना.

२३ नोव्हेंबर

भोकं बुजवते आहे. एक गळ टाकायला चार अक्षरं आणि वर दोन कळा. पूर्वी हे नुसता हात फिरवायचे.

भाची म्हणते, "मावशी, तू प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा शीक. छोटासा प्रोग्रॅम लिहिलास की ही खटपट यंत्रच करेल."

"या वयात?"

"दोन अंगठ्यांनी फोनवर माझ्याशी भांडतेस ना? मग हेही येईल."

१ डिसेंबर

कुठली भाषा, यावर घरात खल चालू आहे. ज्याला विचारावं तो आपलीच पुढे करतो. भाची म्हणते पायथन. जावई फोनवर म्हणाले, "आई, सी शिका. पाया पक्का होतो." मी म्हटलं, जावईबापू, इथे इमारत पडायला आली, पाया कसला पक्का करताय. कोपऱ्यावर संगणक दुरुस्त करणारा आहे. तो म्हणाला, "काकू, जावास्क्रिप्ट घ्या, पडद्यावर लगेच दिसतं." प्रत्येकाचं खरं वाटतं. दुसरा भेटेपर्यंत.

सर्वांचं ऐकता ऐकता माझं एकही अक्षर शिकून झालेलं नाही. पी हळद आणि हो गोरी असं हवंय मला, आणि हळद कुठल्या दुकानातली घ्यावी तेच ठरेना.

आज बसल्या बसल्या जुनं आठवत राहिलं. टायपिंगच्या दुकानात आम्ही दहा जणी होतो. मालकीणबाईंनी चिन्हं भरायला कचेरीतला एक ड्राफ्ट्समन लावला होता, संध्याकाळी यायचा, कोपऱ्यात बसायचा, मान वर करायचा नाही. एक दिवस माझं पान घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला.

"गळ मावत नाही," म्हणाला.

मी वर न बघता म्हटलं, "दोन घरं सोडलीत की."

"दोनात त्याची मान अवघडते. तीन सोडा."

पुढचं पान मी मुद्दाम चार घरं सोडून दिलं. त्यानं तीनच घरांत गळ काढला आणि चौथ्यात पेन्सिलीनं अगदी बारीक एक फूल. मी ते खोडरबरानं पुसलं आणि मग रात्रभर पुसल्याचं वाईट वाटत राहिलं. त्या कोपऱ्यात शाईचा आणि ओल्या टीपकागदाचा वास असायचा. तो वास नाकात घेऊन मी घरी जायचे.

ते सगळं आता कुठे गेलं, असं हल्ली फार वाटतं. माणूस समोर असूनही.

८ डिसेंबर

यांची काळजी वाटते. रोज अकराच्या सुमाराला त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात जाऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, पेपर वाचायला. पेपर आपल्या घरी येतो! त्यावर म्हणे, "तिथला वेगळा असतो."

आणि दुसरं म्हणजे पुटपुटतात. न्हाणीघरात, जिन्यात, झोपायला जाताना. आज कान देऊन ऐकलं तर आकडेच: "दोन दोन एक एक... दोन दोन शून्य दोन..." कसले आकडे म्हणून विचारलं तर दचकले. "जुने नकाशे आठवत होतो," म्हणाले.

हात थरथरतोय तेवढं पुरे होतं. आता डोक्यालाही काही होतंय की काय? भाचीला फोन करून चांगल्या डॉक्टरांचा पत्ता घेतला. यांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

१४ डिसेंबर

मी आता जुन्याच पद्धतीनं करते. सकाळी घरं सोडत भराभर टाइप करायचं आणि दुपारी एकेक भोक बुजवायचं. वेग तरी राहतो.

आज चष्म्याच्या दुकानात गेले होते. परत येऊन बघते तर तिसऱ्या प्रकरणाची पहिली दोन पानं सटवाईनं लिहून ठेवल्यासारखी! मी सोडलेल्या घरांत भलतंच काहीतरी. कुठे 22222BB, कुठे 22111, कुठे नुसते चौकोनी डबे, कुठे कधी न पाहिलेल्या लिपीतलं अक्षर. मधेच एखादा गळ मात्र अगदी बरोबर जागी.

यंत्रात काहीतरी शिरलं असणार. यांना विचारलं, "तुम्ही घरी होतात, कुणी आलं होतं का?" "कुणी नाही," म्हणून हे पाणी प्यायला आत गेले.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पानं बघितली, मग यांच्याकडे बघितलं, आणि ओठ दाबून धरले. मला त्याचा रागच आला.

"काकू, यंत्र ठणठणीत आहे."

"मग हे कुणी केलं?"

"ते तुमच्या घरातलं, मी काय सांगू," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. माझीच चूक असणार असं त्याच्या मनात आलं, दुसरं काय. मेला हसत होता.

१५ डिसेंबर

मी किती बावळट आहे, हे लिहूनच ठेवते.

सकाळी न्हाणीघरातून पुटपुटणं चालू होतं आणि मी टेबलाशी बसले होते. "दोन दोन दोन बी," हे म्हणाले. माझी नजर समोर भिंतीवर गेली. गळ, 222B. "दोन दोन एक ए," आतून आवाज आला. छप्पर. तक्ता वरून खालपर्यंत, ओळीनं, एकही न चुकता. पाढे म्हणावेत तसे.

हे बाहेर आले तोवर मी दारातच उभी होते.

"काल माझ्या पानांत तुम्ही हात घातलात?"

टॉवेलनं कान पुसत राहिले. "बिघडवली ना सगळी?"

"बिघडवली."

"दुरुस्तीवाल्याकडे शिकताना जमत होतं. दहातले सहा-सात तरी. घरी बसलो आणि हात जास्तच... एकदा दोन दाबलं की तो चारदा दाबतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तूच म्हणालीस, निवांत बसा." मग टॉवेलची घडी घालायला लागले, ती काही जमेना. "इतकी वर्षं तुझ्यासमोर बसलोच होतो की मी. ते काय निवांत नव्हतं?"

डॉक्टरांचा पत्ता लिहिलेला कागद पदराखाली चुरगाळला. मग त्यांच्या हातातून टॉवेल घेऊन मीच घडी घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

यांनी ते बघितलं असणार. चहा यांनी केला आज, आणि दोन्ही कप अर्धेच भरले.

१९ डिसेंबर

भाषा ठरली. महिनाभर जे ठरत नव्हतं ते पाच मिनिटांत ठरलं. काय करायचंय तेच आधी माहीत नव्हतं, म्हणून अडलं होतं. आता माहीत आहे. यांच्या हाताची थरथर यंत्रानं मोजायची नाही, एवढंच मला हवंय.

भाचीनं तीन भाषांतलं थोडं थोडं दाखवलं. पायथनमध्ये काही ओळी आत सरकलेल्या दिसल्या. "या अशा का?"

"तिथे चार घरं सोडावीच लागतात, मावशी. सोडली नाहीत तर प्रोग्रॅम चालत नाही."

"म्हणजे रिकामी जागासुद्धा धरतात?"

"या भाषेत धरतात."

"मग हीच," मी म्हटलं. घरं सोडण्यात माझा हात कोण धरणार? शिवाय पायथन म्हणजे अजगर. गळ आपल्याकडे आहे, रुसलेला सहा आहे, आता अजगरही येऊ दे.

२ जानेवारी

रोज चुका. कंस मिटायला विसरते. यंत्र कितव्या ओळीत चुकलं ते सांगतं, पण मालकीणबाईंसारखं, काय चुकलं ते नीट सांगत नाही. भाचीला इतके फोन केले की तिनं परवा फोन उचलून "कंस बघ" एवढंच म्हटलं आणि ठेवला. कंसच होता.

पण आज झालं! दुरुस्तीवाल्यानं भंगारातून एक जुना कळफलक आणून दिला, चांगल्या खडखडणाऱ्या कळांचा. त्याच्या कळांवर मी चिन्हांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एक कळ, एक चिन्ह, क्रमांक वगैरे काही नको. आणि प्रोग्रॅममध्ये लिहिलं की एकच चिन्ह ओळीनं कितीही वेळा आलं तरी ते एकच धरायचं.

यांनी कळ दाबली. हातानं ती पाचदा दाबली. पडद्यावर गळ एकच.

यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाबली. पुन्हा एकच. "लबाड आहे तुझा अजगर," म्हणाले. टेबलाच्या पलीकडची खुर्ची ओढून घेतली आणि बसले. मी सोडलेली घरं हे भरत गेले, संध्याकाळपर्यंत. आज मी फार सुखी आहे, असं लिहायला मला लाज वाटत नाही.

६ जानेवारी

पानांमागून पानं होताहेत. आज हे म्हणाले, "अगं, मधेच एकदा दुसरा गळ येत नाही." मी म्हटलं, तो थरथरीचा असेल, प्रोग्रॅम बरोबर खातो त्याला. "असेल," म्हणाले. माझ्या प्रोग्रॅमला नावं ठेवलेली मला खपत नाहीत हल्ली.

११ जानेवारी

सर छापील पानं घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, माझी घनफळं कुठे गेली?"

"कसली घनफळं?"

त्यांनी पानं पसरली. "हे बघा. इथे दोन गळ हवेत, शेजारी शेजारी. एक असला की क्षेत्रफळ. दोन असले की घनफळ. सबंध प्रकरणात माझ्या उदाहरणांतल्या पाण्याच्या टाक्या तुम्ही सपाट करून ठेवल्यात!"

मी मूळ कागद बघितला. जिथे सरांनी दोन गळ काढले होते तिथे माझ्या प्रोग्रॅमनं दुसरा गिळला होता. कौतुकाचा अजगर माझा.

"मी दोनदा दाबलं होतं," हे हळूच म्हणाले. मला म्हणाले, सरांना नाही.

सर हसत आले होते, पण मग गंभीर झाले. प्रकाशकाचा माणूस म्हणतोय की फार उशीर होईल, राहिलेलं त्याच्याकडे द्या. हे खुर्चीतून उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देऊन टाका, सर. हात दाखवून अवलक्षण झालं. आमचा काळ वेगळा होता."

"आठवडाभर द्या," मी म्हटलं. एवढ्या मोठ्यानं की सर दचकले. "फक्त आठवडा. नाही जमलं तर मी स्वतः नेऊन देईन त्यांना."

सर गेल्यावर हे खिडकीत जाऊन बसले. समोरची खुर्ची पुन्हा रिकामी. या वेळी ती मीच रिकामी केली. मला सांगितलं होतं यांनी, मी ऐकलं नाही.

१३ जानेवारी

यांना हाताला धरून टेबलाशी आणलं. "पडद्याकडे बघू नका. नुसता गळ दाबा. एक गळ, मग दोन गळ, मग एक. कसेही."

आणि मी पाठ फिरवून बसले, डोळे मिटून. टायपिंगच्या दुकानात दहा जणी एकदम टाइप करायच्या तेव्हा मागे कुणाचं बोट चुकलं ते मला बसल्या जागी कळायचं. मालकीणबाई त्याला माझा चोंबडेपणा म्हणायच्या.

टकटकटक. ही थरथर. टकटक... थांबून... टकटकटक. "हे दोन," मी म्हटलं.

"हो."

टकटकटकटक. "एक."

"हो." मग बराच वेळ करून बघितलं. एकदाही चुकले नाही मी. थरथरीचे ठोके पापणी लवेपर्यंत येऊन जातात. मनापासून दाबायचं असलं की हे आधी क्षणभर थांबतात. पेन शाईत बुडवून कागदावर टेकवण्याआधी थांबायचे, तेवढेच. तो क्षण मी चाळीस वर्षं ऐकते आहे आणि मला ते माहीतही नव्हतं.

थरथर मोजायची नाही हे बरोबर होतं. पण मधलं थांबणं मोजायला हवं होतं.

१७ जानेवारी

झालं. प्रोग्रॅम आता दोन ठोक्यांमधला वेळ बघतो. पापणी लवायच्या आत आलेला सोडून देतो, थांबून आलेला घेतो. यांनी दोन गळ दाबले, दोन आले. तीन दाबले, तीन आले. हे हसले आणि टाक्या भरायला बसले. एकूण एक भरल्या.

संध्याकाळी भाचीला अभिमानानं दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. थरथरत्या हातांसाठी ही सोय संगणकात आधीपासून असते. एक खूण केली की चालू होते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिला बोलणारच होते, पण यांनी मधेच विचारलं, "त्या सोयीला माझा हात माहीत आहे का?"

"नाही काका. सगळ्यांना एकच."

"मग राहू दे. आमची बरी आहे."

१६ फेब्रुवारी

पुस्तक गेलं. शेवटच्या पानावरचा शेवटचा आडवा आठ यांनी टाकला आणि दोघंही उगीच बसून राहिलो. सर फोनवर म्हणाले, एकही भोक नाही, एकही टाकी सपाट नाही.

२१ फेब्रुवारी

सरांच्या एका विद्यार्थिनीचा लेख आलाय, छोटासाच. आता तक्ता मला पाठ आहे. मी एकटीनं केला तर दुपारपर्यंत होईल. दोघांनी केला तर दोन दिवस लागतील. सकाळी बसले आणि पहिला गळ आला तिथे तीन घरं सोडली. या वेळी चुकून नाही.

मग कपाटातल्या वरच्या फळीवरची डबी काढली. पेनं स्वच्छच होती. धुतलेली. त्या दिवशी हे पेनं धूत होते आणि मी बरं झालं म्हणून लिहून ठेवलंय या वहीत. शाईची बाटली मात्र वाळलेली, म्हणून कोपऱ्यावरून नवी आणली. बूच उघडलं आणि तोच वास आला.

"हे कशाला?" यांनी विचारलं.

ही वही मी कुणाला दाखवत नाही. आज यांच्यासमोर उघडून ठेवली, या पानावर. "इथे एक गळ काढून द्या मला. हातानं."

"अगं, वाकडा येईल."

"येऊ दे."

यांनी पेन बुडवलं. थांबले. मी श्वास धरून बसले होते. मग हळूहळू, थरथरत, वरून खाली आले. खाली वळताना निब अडखळला आणि शाईचा एक ठिपका पडला, तो मी पुसला नाही. मान वर करून म्हणाले, "किती जागा सोडली आहेस ही?"

"पाच घरं," मी म्हटलं.

∫

मावला.